स्कूटरची चावी लॉकमध्ये तुटली, कारची एकच उरली: आता काय?

प्रश्न कोपरखैरण्याच्या एका ताईंचा आहे. ठाण्याला माहेरी आल्या होत्या. वडिलांची स्कूटर घेऊन संध्याकाळी तलावपाळीला गेल्या आणि तिथे चावी हरवली. भावाने घरून दुसरी आणून दिली, पण ती जुनी आणि घासलेली. फिरेना म्हणून जोर लावला, तर अर्धी चावी हातात आणि अर्धी लॉकमध्ये. शोरूमवाले म्हणतात पूर्ण लॉकसेट बदला. नाक्यावरचा चावीवाला म्हणतो दहा मिनिटांत काढून देतो. कुणाचं ऐकायचं? आणि शेवटी एका ओळीत लिहिलंय की घरच्या कारचीही गेलं वर्षभर एकच चावी आहे, तिचं काही करायला हवं का?

ताई, स्कूटरचं काम आज संध्याकाळपर्यंत होईल. मला काळजी वाटली ती तुमच्या त्या शेवटच्या ओळीची. पण रस्त्यात उभी आहे ती स्कूटर, म्हणून आधी तिच्याबद्दल.

पहिली गोष्ट, लॉकला आता कुणी हात लावायचा नाही. सेफ्टीपिन नाही, केसातला आकडा नाही, भावाचा स्क्रू-ड्रायव्हर नाही. मी ठाण्यात सत्तावीस वर्षं चाव्या करतोय, त्याआधी वडील जांभळी नाक्याजवळ लाकडी पेटी घेऊन बसायचे. तुकडा काढायला आम्हाला फारसा वेळ लागत नाही. वेळ जातो तो गिऱ्हाइकाने आधी केलेले उपाय निस्तरण्यात. सगळ्यात वाईट उपाय म्हणजे फेविक्विक. तुटलेल्या टोकाला थेंब लावून आतल्या तुकड्याला चिकटवायचं आणि ओढायचं, ही युक्ती कुणीतरी मोबाईलवर बघितलेली असते. तो थेंब तुकड्यावर थांबत नाही, आत ओघळतो. मग जे लॉक नुसतं साफ करून चाललं असतं, ते भंगारात जातं. दुसरा उपाय म्हणजे मागून दुसरी चावी घालून बघणे. त्याने तुकडा पार तळाला जाऊन बसतो.

आत काय असतं ते सांगतो, म्हणजे हे का नको ते कळेल. लॉकच्या आत एक छोटं नळकांडं असतं आणि त्यात ओळीने पातळ पितळी पत्त्या. प्रत्येक पत्तीला स्प्रिंग. चावीच्या पात्यावर ज्या खाचा असतात त्या प्रत्येक पत्तीला वेगवेगळ्या उंचीवर आणतात. सगळ्या पत्त्या नळकांड्याच्या काठाशी समतल झाल्या की ते फिरतं. एक जरी वर राहिली तरी अडतं. या उंचींमधला फरक एका मिलिमीटरहूनही कमी असतो. तुमची जुनी चावी का फिरली नाही याचं निम्मं उत्तर इथेच आहे. दहा-बारा वर्षं खिशात, जुडग्यात, लॉकमध्ये घासून तिच्या खाचांचे कोपरे गोल झालेले असणार.

उरलेलं निम्मं उत्तर हँडलचं. स्कूटर हँडल लॉक करून उभी होती का? बहुतेक असणार. हँडल लॉक केलं की आतला लोखंडी दांडा स्टिअरिंगच्या खाचेत बसतो. गाडी जरा उतारावर असली, कुणी सरकवली किंवा चाक फुटपाथला टेकलं, की हँडलचा सगळा भार त्या दांड्यावर येतो. मग चांगली चावीसुद्धा फिरत नाही. अशा वेळी जोर मनगटात लावायचा नसतो. डाव्या हाताने हँडल किंचित इकडे-तिकडे हलवायचं आणि उजव्या हाताने चावी हलकी फिरवत राहायची. भार सुटला की टक् आवाज होऊन फिरते. कारचंही तसंच, स्टिअरिंग जरा हलवून बघायचं. ऑटोमॅटिक कारमध्ये आणखी एक गंमत आहे. गिअर ‘पी’वर नसेल तर चावी बाहेर येत नाही, आणि माणसं लॉक बिघडलं म्हणून फोन करतात. आठवड्यातून एखादा तरी फोन मी असा नुसत्या बोलण्यावर मिटवतो. पैसे मिळत नाहीत, पण पुढच्या वेळी माणूस दुकानात येतो.

चावी मोडली तेव्हा लॉक कुठे होतं, हा माझा पहिला प्रश्न असतो. तुमची फिरलीच नव्हती, म्हणजे लॉक ऑफवर किंवा हँडल लॉकवरच आहे. हे बरं झालं. या जागी पत्त्यांना वर-खाली हलायला वाव असतो, त्यामुळे बारीक दातांचा आकडा खाचेच्या बाजूने सरकवून तुकडा सरळ बाहेर ओढता येतो. लॉक ऑनवर असताना चावी मोडली असती तर पत्त्या तुकड्याला घट्ट धरून बसल्या असत्या. मग आधी त्या तुकड्यानेच नळकांडं अलगद ऑफवर आणावं लागतं आणि नंतर काढावं लागतं. हे न कळता ऑनवरच ओढाताण करणारा कारागीर पत्त्या वाकवून ठेवतो. ऑनवर मोडलेल्या गाडीची बॅटरीही उतरत राहते, तेवढं लक्षात ठेवा.

तुकडा लॉकच्या तोंडाबाहेर नखभर दिसत असेल तर आणि तरच घरी प्रयत्न करा. बारीक तोंडाचा चिमटा किंवा नोज प्लायर घ्या आणि सरळ रेषेत ओढा, पिळू नका. दिसत नसेल तर सोडून द्या. आणि तेल ओतू नका. खोबरेल, शिलाई मशीनचं तेल, इंजिन ऑईल, सगळं ओतून आणलेली लॉकं मी पाहिली आहेत. तेल त्या दिवशी काम करतं. मग त्यावर धूळ बसते, दोन महिन्यांत आत काळा लगदा होतो. लॉकला लागते ती ग्राफाईटची कोरडी पूड. ती नसेल तर चित्रकलेची मऊ पेन्सिल चावीच्या दोन्ही बाजूंना घासा आणि चार-पाच वेळा आत-बाहेर करा. खाडीकाठच्या गाड्यांना हे जास्तच लागतं. ऐरोली, वाशी, नेरूळकडच्या उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाड्यांची लॉकं उघडली की पितळेवर हिरवा थर आणि स्प्रिंगला गंज, हे ठरलेलं. जूनच्या आधी एकदा पेन्सिल फिरवली तरी पावसाळा निभावतो.

आता शोरूम की नाका.

नाक्यावरचा चावीवाला तुकडा काढेल, त्यात शंका नाही. तुकडा काढल्यावर तो काय करतो ते बघायचं. दोन्ही तुकडे जोडून मशीनवर धरले आणि तशीच्या तशी नक्कल मारली, तर तुम्हाला मिळेल ती त्या घासलेल्या चावीची नवीकोरी प्रत. तिच्या चुका तर येतीलच, वर मशीनची थोडी चूक. ती आज फिरेल, दिवाळीपर्यंत अडायला लागेल. डुप्लिकेटची डुप्लिकेट म्हणतात ती हीच. म्हणून आधी वडिलांना एक विचारा: गाडी घेतली तेव्हा चाव्यांच्या जुडग्याला पत्र्याची एक छोटी पट्टी होती, त्यावर नंबर कोरलेला, ती कुठे आहे? बहुतेक घरांत ती देवघराच्या खणात किंवा गाडीच्या कागदांच्या प्लास्टिकच्या पिशवीत सापडते. तो चावीचा नंबर. त्या नंबरावरून कंपनीच्या मूळ मापाची चावी मागवता येते, आणि ज्यांच्याकडे यंत्र आहे त्यांना कापताही येते. पट्टी हरवली असेल तर लॉकमधल्या पत्त्या एकेक वाचून माप काढावं लागतं. वडील हे काम मेणबत्तीवर करायचे. कोरी चावी काजळीवर धरायची, लॉकमध्ये घालून हलकी फिरवायची, काजळीवर पत्तीचा ठसा उमटेल तिथे कानस लावायची, पुन्हा काजळी, पुन्हा ठसा. एक चावी अर्धा तास खायची. आता त्यासाठी वेगळी हत्यारं आहेत. ती कशी वापरायची ते मात्र मी लिहिणार नाही, कारण वाचणारे सगळेच स्वतःच्या गाडीसाठी वाचत नसतात.

आणखी एक गोष्ट, जी नाक्यावर हमखास राहून जाते. बऱ्याच स्कूटरना आणि काही बाइकना लॉकच्या तोंडावर सरकतं झाकण असतं. ते बंद केलं की चावीच्या डोक्यावरच्या चुंबकाशिवाय उघडत नाही. अ‍ॅक्टिव्हावाल्यांना हे माहीत आहे. त्या चुंबकाचीही वेगवेगळी रचना असते, एका गाडीचं दुसरीला चालत नाही. साध्या पत्र्याच्या डुप्लिकेटला चुंबकच नसतो. गाडी सुरू होते, माणूस खूश होऊन घरी जातो, आणि एक दिवस पार्किंगमध्ये सवयीने झाकण लावतो. मग हातात चावी आणि समोर बंद झाकण. म्हणून सांगतानाच ‘चुंबकासकट’ सांगा. थोडे पैसे जास्त जातील, जाऊ देत. तोवर बिनचुंबकाची वापरायचीच असेल तर घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा की झाकणाला हात लावायचा नाही.

शोरूमवाल्यांचं म्हणणं चूक नाही, त्यांना सोयीचं आहे. लॉकसेट बदलला की इग्निशन, सीट, पेट्रोलचं झाकण सगळं एका नव्या चावीवर येतं आणि त्यांची जबाबदारी संपते. दुचाकीचा लॉकसेट तसा परवडतोही. पण तो बदलायचा की नाही हे हरवलेली चावी कुठे आणि कशासोबत हरवली यावर ठरवा. नुसती चावी तलावपाळीच्या कठड्यावरून पाण्यात पडली असेल तर ती तिथे सुखाने राहू दे, तुम्ही नवीन चावी करा. पण जुडग्यात सोसायटीचं नाव असलेली कीचेन होती, घराची चावी होती, किंवा पर्सच गेली आणि तिच्यात आरसीची झेरॉक्स होती, तर सापडणाऱ्याला गाडी कुठे उभी असते ते कळलं. अशा वेळी मी स्वतः लॉक बदला म्हणतो, आणि घराचं कुलूपही. या दोहोंच्या मधला एक रस्ता सहसा कुणी सांगत नाही. काही लॉकं उघडून आतल्या पत्त्यांची अदलाबदल करता येते. लॉक तेच राहतं, जुनी चावी मात्र निकामी होते. सगळ्या लॉकांना हे होत नाही, काही रिव्हेट मारून बंद केलेली असतात. पण विचारायला काय जातं?

स्कूटर अजून तिथेच उभी असेल आणि हँडल लॉक असेल तर ओढत नेऊ नका. लॉकचा दांडा वाकला की खर्च दुप्पट. कारागीर गाडीजवळ येतो, गाडी कारागिराकडे जात नाही. गोखले रोड, राम मारुती रोड असल्या भागात उभी असेल तर जवळच्या वाहतूक पोलिसाला सांगून ठेवा की चावी हरवली आहे आणि माणूस बोलावलाय. नाहीतर टोइंगवाले नेतील आणि तुम्ही चोरी झाली म्हणून धावाल.

आता कार.

तुम्ही गाडीचं नाव लिहिलेलं नाही. जुनी मारुती 800 असेल आणि तिची चावी साधी, सपाट, डोकं पातळ, तर हा परिच्छेद सोडून द्या. पाच मिनिटांचं काम आहे. पण डोकं जाड प्लास्टिकचं असेल, किंवा इग्निशन ऑन केल्यावर डॅशबोर्डवर चावीचं छोटं चित्र क्षणभर पेटत असेल, तर तुमच्या हातात एक चावी नाही, दोन किंवा तीन आहेत. एक पातं, ते लॉक फिरवतं. दुसरी चिप, ती इंजिनाला परवानगी देते. तिसरा रिमोट, तो दरवाजे उघडतो. लोकांना वाटतं रिमोटची बॅटरी गेली की गाडी सुरू होत नाही. साध्या चावीच्या गाडीत तसं नसतं. चिपला बॅटरीच लागत नाही. इग्निशनच्या तोंडाभोवती तारेचं वेटोळं असतं, त्यातून साधारण 125 किलोहर्ट्झवर लहरी निघतात, त्यावरच ती चिमुकली चिप जागी होते आणि आपला क्रमांक सांगते. गाडीच्या संगणकाला तो ओळखीचा वाटला तरच इंधन आणि ठिणगी चालू राहते. रिमोट वेगळा, तो 433 मेगाहर्ट्झच्या आसपास बोलतो आणि त्याला सेल लागतो. या चिपच्या व्यवस्थेला इमोबिलायझर म्हणतात, मारुतीच्या गाड्यांत आयकॅट्स असंही नाव वाचाल.

खात्री करायची असेल तर घरच्या घरी करता येते. चावीचं डोकं स्वयंपाकघरातल्या अ‍ॅल्युमिनियम फॉईलमध्ये दोन-तीन वेढे गुंडाळा, फक्त पातं उघडं ठेवा आणि गाडी सुरू करून बघा. इंजिन एक-दोन सेकंदांत बंद पडलं किंवा पेटलंच नाही आणि चावीचं चित्र लुकलुकायला लागलं, तर चिप आहे. फॉईल काढली की सगळं पूर्ववत. याच कारणाने दोन चिपच्या चाव्या एका कडीत ठेवू नयेत. नवरा-बायकोच्या दोन गाड्यांच्या चाव्या एकाच जुडग्यात, आणि मग अधूनमधून गाडी सुरू होत नाही, मेकॅनिक बॅटरी बदलतो, सेन्सर बदलतो. एका गिऱ्हाइकाने दोन महिने असे काढले होते. मी कडी सोडवून दिली आणि चहा पाजला, दुसरं काही केलं नाही.

आता मुद्द्याचं. एक चालू चावी हातात असताना दुसरी करणं आणि शेवटची चावी हरवल्यावर पहिली करणं, ही दोन वेगळी कामं आहेत. पहिल्या कामात माप काढायला पातं समोर असतं, गाडी उघडी असते, संगणक ओळखीची चिप पाहून बोलायला तयार असतो. बऱ्याच गाड्यांत तासाभरात आटोपतं. खर्च गाडीप्रमाणे दोन-चार हजारांच्या आसपास धरा, बटणाची स्मार्ट की असेल तर त्याहून बराच जास्त. तीच गाडी एकही चावी नसताना आली तर आधी दरवाजा उघडा, मग लॉकवरून माप काढा, मग चेसिस नंबरवरून पिन कोड, म्हणजे त्या गाडीच्या संगणकाचा गुप्त आकडा मिळवा, मग स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटला (मेकॅनिक तपासणीचं यंत्र लावतो ते) यंत्र जोडून चिप नोंदवा. काही गाड्यांत तर डॅशबोर्ड उघडून संगणकच बाहेर काढावा लागतो. लागोपाठ चुकीचा पिन टाकला तर यंत्रणा काही वेळ तोंड मिटून बसते. हे सगळं तुम्हाला कुठे करावं लागेल, तर गाडी जिथे अडकली आहे तिथे. गणपतीला गावी गेलेल्या एका कुटुंबाने मला रात्री अकरा वाजता फोन केला होता. मी ठाण्यात, गाडी गुहागरला, आणि दुसरी चावी नाहीच. शेवटी गाडी टेम्पोवर चढवून आणली. त्या टेम्पोच्या भाड्यात दोन चाव्या झाल्या असत्या.

म्हणून तुमच्या कारची दुसरी चावी या आठवड्यात करून घ्या. जाताना घरात असतील नसतील तेवढ्या चाव्या सोबत न्या. बऱ्याच गाड्यांत नवी चिप नोंदवताना जुन्या सगळ्या पुसल्या जातात आणि समोर असलेल्या चाव्या पुन्हा नोंदवाव्या लागतात. एक घरी राहिली तर ती त्या दिवसापासून मुकी. याची दुसरी बाजू तुमच्या फायद्याची आहे. वर्षापूर्वी हरवलेली चावी कुणाच्या हातात असेल तर कारागिराला सांगून तिची नोंद मुद्दाम पुसून घ्या. मग त्या चावीने इंजिन सुरू होणार नाही. दरवाजा मात्र उघडेल, कारण पातं तेच आहे. तेव्हा गाडीत लॅपटॉप ठेवायची सवय असेल तर सोडा.

काम सुरू करण्याआधी गाडीची बॅटरी मोजतो तो कारागीर चांगला समजा. नोंदणी चालू असताना मध्येच व्होल्टेज कोसळलं तर संगणक अर्धवट लिहिलेला राहतो, आणि ते दुखणं चावीपेक्षा महाग असतं. बॅटरी बारा व्होल्टच्या खाली असेल तर मी यंत्र जोडतच नाही, आधी चार्जर लावतो.

पोलिसांकडे जायचं का? जायचं, आणि तेही त्याच आठवड्यात. लोक कंटाळा करतात. पण उद्या दुर्दैवाने गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी दाव्याच्या वेळी गाडीच्या दोन्ही मूळ चाव्या मागते. एकच दिली की प्रश्न सुरू होतात: दुसरी कुठे गेली, कधी गेली, कुणाला दिली होती? चावी हरवली तेव्हाच पोलीस ठाण्यात केलेली नोंद असेल तर तुमच्याकडे उत्तर असतं. चावी पर्ससकट चोरीला गेली असेल तर हरवल्याची नोंद करून भागवू नका, चोरीची फिर्याद द्या. विम्याची पॉलिसीही एकदा चाळून बघा. काहींनी चावी बदलण्याचं जादा कलम घेतलेलं असतं आणि त्यांना ते आठवतही नसतं. त्यासाठीही पोलिसांचा कागद लागतो, आणि काम करण्याआधी कंपनीला कळवावं लागतं.

चावी मोडण्याबद्दल कारवाल्यांसाठी एवढंच. प्लास्टिकचं डोकं फुटलं आणि पातं सुटलं तर घाबरू नका आणि डोकं फेकू नका. चिप त्यातच आहे. काही चाव्यांत ती तांदळाच्या दाण्याएवढी, काचेची किंवा काळी, खाचेत नुसती बसवलेली असते आणि रस्त्यात पडून जाते. सगळे तुकडे एका पिशवीत घाला. तुमची चिप आणि रिमोटची सर्किटची पट्टी नव्या कवचात बसवली की काम झालं, नोंदणीबिंदणी काही लागत नाही, खर्च काही शेकड्यांत. रात्री-अपरात्री अडकलात तर पातं पकडीने फिरवा आणि फुटलेलं डोकं इग्निशनच्या तोंडाला चिकटवून धरा. वेटोळ्याला चिप ऐकू आली की गाडी सुरू होते.

बटणवाल्या गाड्यांत चावीचा सेल संपला तर गाडी ‘चावी सापडत नाही’ म्हणते. त्या चावीच्या पोटात एक साधं पातं दडवलेलं असतं, त्याने दरवाजा उघडा. मग बहुतेक गाड्यांत चावीच स्टार्टच्या बटणाला टेकवून दाबलं की सुरू होते. नेमकी कुठे टेकवायची ते गाडीच्या पुस्तकात असतं. सेल बहुधा सीआर 2032, किराणा दुकानातही मिळतो. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी माझ्या काउंटरवर ओल्या चाव्यांची रांग असते. उपवन, तलावपाळी, खाडी, सगळीकडून. बाप्पासोबत कमरेएवढ्या पाण्यात उतरताना खिशात काय आहे ते कुणाला आठवतं? त्यांनी तांदळाच्या डब्यात रात्रभर ठेवलेली असते, त्याचा उपयोग नाही. पाण्यातून काढल्याबरोबर सेल बाहेर काढा, कवच उघडा आणि तसंच आणा. सर्किटची पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुतली तर बऱ्याचदा वाचते. सेल आत ठेवून वाळवली तर तांब्याच्या रेघा खाल्ल्या जातात. खाडीचं खारं पाणी असेल तर फारच लवकर.

जड जुडग्याबद्दल एक. इग्निशनला लटकणाऱ्या कडीत घराच्या चार चाव्या, कपाटाच्या दोन, पितळी गणपती आणि बाटली उघडायचं हत्यार, हे सगळं प्रत्येक खड्ड्यात झोके घेतं आणि पत्त्या झिजवतं. घोडबंदर रोडवर रोज जाणाऱ्यांना झोक्यांबद्दल मी काय सांगणार! 2014 साली अमेरिकेत जनरल मोटर्सला याच भानगडीपायी 26 लाखांच्या आसपास गाड्या परत बोलवाव्या लागल्या होत्या. त्यांच्या इग्निशनचा स्विच इतका सैल होता की जुडग्याच्या वजनाने किंवा धक्क्याने चालत्या गाडीत तो ऑनवरून सरकायचा, इंजिन बंद पडायचं आणि एअरबॅगही उघडायच्या नाहीत. पुढे भरपाईच्या निधीने 124 मृत्यू या दोषाशी जोडलेले मान्य केले. तो स्विचचाच दोष होता, तुमच्या गाडीत तसा नसेल. तरी गाडीची चावी एकटी ठेवा.

आता कुणाकडे जायचं. फोनवर पाचशे सांगून दारात पाच हजार मागणारे वाढले आहेत. म्हणून फोनवरच पूर्ण कामाचा आकडा विचारा: येण्याचे, कापण्याचे, चिपचे, नोंदणीचे, सगळे मिळून किती? आणि गाडी सुरू झाली नाही तर किती? जो कागद न बघता गाडीला हात लावतो, त्याला परत पाठवा. तो उद्या तुमची गाडीही दुसऱ्या कुणाला तसाच उघडून देईल. मी आरसी आणि ओळखपत्र बघतो, वहीत गाडीचा नंबर, चेसिसचे शेवटचे आकडे आणि सही घेतो. एमएच-04 असो की एमएच-43, ओळखीचा असो की नसो. काही लोक रागावतात. कागद डिकीत किंवा डॅशबोर्डच्या खणातच अडकलेत अशी अडचण असते, तर डिजिलॉकरमधली आरसी चालते.

आणि एक कळकळीची विनंती. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘ही चावी पार्किंगमध्ये सापडली, कुणाची?’ म्हणून स्वच्छ उजेडात काढलेला फोटो टाकू नका. साध्या चावीच्या खाचा फोटोत नीट दिसल्या तर जाणकार माणूस त्यावरून चावी बनवू शकतो, आणि गाडी कुठल्या पार्किंगमध्ये आहे ते तुम्हीच लिहिलेलं असतं. ‘स्कूटरची चावी सापडली, खूण सांगून घेऊन जा’ एवढं पुरे. तसंच त्या नंबरच्या पत्र्याच्या पट्टीचं. ती जुडग्यातच अडकवून फिरणारे महाभाग आहेत. घरी गेल्यावर काढा, मोबाईलमध्ये फोटो न ठेवता कुठेतरी लिहून ठेवा.

तर ताई, आज एवढं करा. हातातला तुकडा कागदात गुंडाळून ठेवा, टाकू नका. आईला फोन करून ती पट्टी शोधायला सांगा. कारागिराला स्कूटरजवळ बोलवा, त्याला ‘नक्कल नको, मूळ मापाची, चुंबकासकट, दोन चाव्या’ असं सांगा. आणि वडिलांना सोबत न्या. गाडी त्यांच्या नावावर आहे, वहीत सही त्यांचीच लागेल.